टोर्नेडोचा इशारा आलाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की अमेरिकेच्या मध्य आणि दक्षिण भागात नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांतून तेच ते प्रश्न यायला लागतात. "गुरुवारी मोठं काहीतरी येतंय म्हणे, खरं का?" "भोंगा वाजला तर नक्की जायचं कुठे?" "आई-बाबा इथे आलेत, त्यांना कसं सांगू?" फोनवर तुकड्यातुकड्यांत दिलेली उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं आहे. मी हवामानतज्ज्ञ नाही. या पट्ट्यात बरीच वर्षं संसार केला, राष्ट्रीय हवामान सेवेच्या 'स्कायवॉर्न' निरीक्षक प्रशिक्षणाला बसले, आणि काही रात्री मुलांना घेऊन जिन्याखाली काढल्या. त्या अनुभवावर हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण खालची बहुतेक उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. वॉर्निंग आल्यावर हातात साधारण दहा मिनिटं असतात, कधीकधी तीही नसतात. त्या वेळात जागा शोधायची नसते, ठरलेल्या जागी जाऊन बसायचं असतं. ठरवाठरवी, वाद, शंका हे सगळं आदल्या दिवशी, निदान त्या दुपारी उरकून टाका.

टोर्नेडो म्हणजे आपलं चक्रीवादळच ना?

नाही. मराठी बातम्यांत दोन्हींना सर्रास 'चक्रीवादळ' म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. समुद्रावरून येणारं चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं, चार दिवस आधी त्याचा मार्ग कळतो, गावं हलवायला वेळ मिळतो. टोर्नेडो हा गडगडाटी वादळाच्या ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला फिरत्या हवेचा खांब. रुंदी बहुधा काही शे फूट, आयुष्य बहुधा काही मिनिटांचं. एका गल्लीतली घरं भुईसपाट होतात आणि पलीकडच्या गल्लीत कुंड्याही हलत नाहीत, हे याचं वैशिष्ट्य. म्हणूनच 'अमुक गावात अमुक वाजता टोर्नेडो होणार' असं आदल्या दिवशी कोणीही सांगू शकत नाही. सांगता येतं ते इतकंच, की उद्या या भागातली हवा त्याला पोषक आहे.

मग अमेरिकेतच इतके का होतात?

भूगोलामुळे. दक्षिणेला मेक्सिकोचं आखात आहे, तिथून उबदार दमट हवा वर सरकते. पश्चिमेला रॉकी पर्वत आणि वाळवंटी पठार, तिकडून कोरडी हवा येते. आणि वर, काही किलोमीटर उंचीवर, जोराचे पश्चिमी वारे. जमिनीलगत वारा एका दिशेने आणि वर दुसऱ्या दिशेने, जास्त वेगाने वाहत असला की वर चढणारी हवा स्वतःभोवती फिरू लागते. असं आख्खं फिरणारं गडगडाटी वादळ म्हणजे सुपरसेल. सगळ्या सुपरसेलमधून टोर्नेडो उतरत नाहीत, पण सर्वांत भयंकर टोर्नेडो बहुतेक यांच्यातूनच उतरतात.

अमेरिकेत वर्षाला साधारण १,२०० टोर्नेडो नोंदले जातात. मार्च ते जून हा मुख्य काळ आणि दुपारी तीन ते रात्री नऊ ही मुख्य वेळ. पण यावर विसंबू नका. केंटकीतलं मेफील्ड हे गाव १० डिसेंबर २०२१ च्या रात्री उद्ध्वस्त झालं.

टीव्हीवर 'स्लाइट', 'एन्हान्स्ड', 'मॉडरेट' म्हणतात. हे कसं वाचायचं?

हे शब्द ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथल्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचे आहेत. देशभरासाठी पुढच्या काही दिवसांचा गडगडाटी वादळांचा अंदाज तिथून निघतो. जोखमीच्या पाच पायऱ्या आहेत: मार्जिनल (गडद हिरवा), स्लाइट (पिवळा), एन्हान्स्ड (केशरी), मॉडरेट (लाल) आणि हाय (किरमिजी). त्याखाली जो फिकट हिरवा दिसतो तो साध्या गडगडाटाचा.

शब्द फसवे आहेत. 'मॉडरेट' ऐकून आपल्याला वाटतं, मध्यम आहे, चालतंय. प्रत्यक्षात ती पाचातली चौथी पायरी आहे आणि वर्षात मोजक्याच दिवशी लागते. म्हणून शब्दापेक्षा आकडा पाहा, 'पाचपैकी किती'. आमच्या घरात तीन किंवा वर असेल त्या दिवशी संध्याकाळचे बाहेरचे कार्यक्रम रद्द होतात. हा आमचा नियम, सरकारी नाही. पण नियम आधी ठरलेला असला की ऐन वेळी कोणाची समजूत काढावी लागत नाही.

टोर्नेडोची शक्यता १० टक्केच दाखवताहेत. म्हणजे ९० टक्के काही होणार नाही ना?

हा आकडा समजून घेण्यासारखा आहे. तुम्ही जिथे उभे आहात तिथून २५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरच्या आत टोर्नेडो होण्याची ती शक्यता असते. एरवीच्या दिवशी हाच आकडा एका टक्क्याच्याही खूप खाली असतो. त्यामुळे नेहमीच्या मानाने १० टक्के ही कैक पटींनी वाढलेली जोखीम आहे. तुमच्याच घरावर येण्याची शक्यता त्या दिवशीही कमीच. म्हणून घाबरायचं नाही, पण बूट कुठे आहेत ते मात्र माहीत असलं पाहिजे.

व्हॉट्सॲपवर आठ दिवस आधीच लाल-जांभळे नकाशे फिरायला लागतात. ते खरे असतात का?

बहुतेकदा तो कुठल्यातरी एका संगणकीय मॉडेलच्या एका धावेचा नकाशा असतो. दर काही तासांनी नवी धाव येते आणि चित्र बदलतं. आठ दिवसांवरच्या त्या एका चित्रावरून 'आपलं शहर जाणार' म्हणणं चूक, आणि 'मागच्या वेळीही असंच म्हणत होते' म्हणत ते उडवून लावणंही चूक.

मी असं करते. चार-पाच दिवस आधी स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरने आमचा भाग रेखाटला असेल तर फक्त तारीख लक्षात ठेवते. दोन दिवस आधी स्थानिक हवामान कार्यालयाचं 'फोरकास्ट डिस्कशन' वाचते. तिथले तज्ज्ञ नुसता अंदाज सांगत नाहीत, कशाबद्दल खात्री नाही तेही लिहितात. उदाहरणार्थ, सकाळी ढग रेंगाळले तर हवा तापणार नाही आणि दुपारचा धोका उतरेल, किंवा वर उबदार हवेचं झाकण टिकलं तर वादळी ढग तयार होणारच नाहीत. अशा वाक्यांतून कळतं, की अंदाज हुकला तर कुठल्या बाजूने हुकेल. आणि त्या दिवशी नवा अंदाज येईल तसा पाहते. मध्य प्रमाणवेळेनुसार उन्हाळी वेळापत्रकात तो सकाळी आठ, साडेअकरा आणि दुपारी तीनच्या सुमारास येतो.

ग्रुपवर काही पुढे पाठवायचं झालं तर हवामान सेवेचंच पाठवा, आणि तारीख-वेळ दिसत असेल असंच. मागच्या वर्षीचा नकाशा आज फिरताना मी स्वतः पाहिला आहे.

वॉच आणि वॉर्निंगमध्ये फरक काय?

वॉच म्हणजे या मोठ्या भागात पुढच्या काही तासांत टोर्नेडो होऊ शकतात. एकेका वॉचमध्ये अनेक काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, येतात. तयारीत राहायचं, फोन चार्ज करायचा, घरातली सगळी माणसं कुठे आहेत ते पाहायचं.

वॉर्निंग म्हणजे तुमच्या स्थानिक हवामान कार्यालयाला रडारवर फिरकी दिसली आहे किंवा कोणी टोर्नेडो डोळ्यांनी पाहिला आहे. आत्ता, या क्षणी आसरा घ्यायचा. ही साधारण अर्ध्या-पाऊण तासासाठी असते आणि नकाशावर एका छोट्या चौकोनासारखी आखलेली असते. २००७ पासून ती आख्ख्या काउंटीला न देता अशी आखून दिली जाते, त्यामुळे चौकोनात तुमचं घर असेल तर ती तुमच्याचसाठी आहे असं समजा.

याच्याही वर 'टोर्नेडो इमर्जन्सी' असते. मोठा टोर्नेडो जमिनीवर आहे आणि वस्तीकडे येतोय याची खात्री असली तरच ती देतात. हे शब्द पहिल्यांदा वापरले गेले ३ मे १९९९ ला, ओक्लाहोमा सिटीच्या दक्षिणेला मूरकडे निघालेल्या टोर्नेडोसाठी.

एकेकाळी इशारा देणंच अशक्य मानलं जाई, हे आज विसरायला होतं. मार्च १९४८ मध्ये ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर एक टोर्नेडो येऊन गेला. पाचच दिवसांनी तशीच हवा पाहून अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर या दोन अधिकाऱ्यांनी पुन्हा टोर्नेडोचा अंदाज वर्तवला आणि त्याच संध्याकाळी तो खरा ठरला. आज फोनवर जो कर्कश आवाज होतो, त्याची सुरुवात तिथे आहे.

भोंगा वाजतोय, पण बाहेर तर आकाश मोकळं आहे. आणि कधी वादळ डोक्यावर असताना भोंगा वाजतच नाही!

भोंगे घराबाहेर असलेल्या माणसांसाठी बसवलेले असतात. बंद खिडक्या, एसी, झोप यांतून ते ऐकू येतीलच असं नाही. ते कधी वाजवायचे हे प्रत्येक शहर किंवा काउंटी आपापलं ठरवते. काही ठिकाणी काउंटीच्या एका टोकाला वॉर्निंग असली तरी सगळीकडे वाजवतात, काही ठिकाणी जोराच्या वाऱ्यासाठीही वाजवतात. 'धोका टळला' असं सांगणारा भोंगा बहुतेक ठिकाणी नसतोच, त्यामुळे तो थांबला म्हणून बाहेर येऊ नका. ठरलेल्या दिवशी चाचणीचा भोंगाही होतो. तुमच्या गावात तो कोणत्या दिवशी ते एकदा पाहून ठेवा.

म्हणून भोंगा हा एकमेव आधार नको. फोनच्या सेटिंगमध्ये आणीबाणीच्या सूचना सुरू आहेत का ते आज पाहा. बऱ्याच जणांनी मध्यरात्रीच्या एखाद्या कर्कश सूचनेनंतर त्या बंद केलेल्या असतात.

वादळ रात्री येणार असेल तर जागं राहायचं का?

रात्रीच्या टोर्नेडोत मृत्यू होण्याची शक्यता दिवसाच्या मानाने दुपटीहून जास्त असते. दिसत नाही, माणसं झोपेत असतात, फोन शांत असतो. ३ मार्च २०२० ला मध्यरात्रीनंतर नॅशव्हिल आणि पुढे कुकव्हिलमध्ये हेच झालं. त्या एका रात्रीत टेनेसीत २५ माणसं गेली.

यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे हवामान रेडिओ. उशाजवळ ठेवायचा छोटा डबा, विजेवर चालतो, आत बॅटरी असते. त्यात आपल्या काउंटीचा कोड भरला की फक्त आपल्या भागाच्या इशाऱ्याला तो आपोआप किंचाळतो. मोबाइलचं नेटवर्क गेलं तरी त्याला फरक पडत नाही. घरात धूरसूचक असतो तसाच हाही असावा, असं माझं ठाम मत आहे. अशा रात्री आम्ही मुलांना खालच्या मजल्यावर झोपवतो, बूट पायथ्याशी ठेवून.

आमच्या घराला बेसमेंट नाही. बसायचं कुठे?

दक्षिणेकडच्या आणि मैदानी भागातल्या बहुसंख्य घरांना नसतंच. नियम साधा आहे: सर्वांत खालचा मजला, घराचा मधला भाग, बाहेरची भिंत नाही आणि खिडकी नाही अशी सर्वांत लहान खोली. बाथरूम, क्लोझेट, जिन्याखालची जागा. तुमच्यात आणि बाहेरच्या हवेत जितक्या भिंती जास्त तितकं बरं. लहान खोली यासाठी, की जवळजवळच्या भिंती एकमेकींना धरून ठेवतात.

आता घरात उठून फिरा आणि ती जागा खरंच रिकामी आहे का ते पाहा. आमच्या जिन्याखालच्या कपाटात दिवाळीच्या माळा, व्हॅक्युम, तंबू, दोन सुटकेस असं सगळं कोंबलेलं होतं. पहिल्या वॉर्निंगला आम्ही दारात उभे राहून ते सामान बाहेर फेकत होतो, आणि त्यात चार मिनिटं गेली. तेव्हापासून मार्च ते जून त्या कपाटात काहीही ठेवायचं नाही असं ठरलेलं आहे. आत एक जुनी गादी उभी करून ठेवली आहे, तीन सायकल हेल्मेटं खिळ्याला टांगली आहेत.

टोर्नेडोत माणसं बहुतेक वाऱ्याने उडून जात नाहीत. उडत येणाऱ्या आणि वरून पडणाऱ्या वस्तूंनी जखमी होतात, आणि डोक्याची जखम जीवघेणी ठरते. म्हणून हेल्मेट. भिंतीकडे तोंड करून, गुडघ्यांवर वाकून, मानेवर हात धरून बसायचं, वर गादी नाहीतर जाड रजई. आणि पायात बूट, चपला नव्हेत. नंतर बाहेर पडताना जमिनीवर काचा आणि खिळे वर आलेल्या फळ्या असतात.

ऐपत असेल तर फेमाच्या (अमेरिकी सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) निकषांप्रमाणे बांधलेली सेफ रूम किंवा गॅरेजच्या जमिनीत बसवलेला निवारा करून घ्या. त्यांची रचना ताशी २५० मैलांपर्यंतचा वारा धरून केलेली असते. काही राज्यांत त्यासाठी अनुदानाच्या योजना निघतात, त्यामुळे आधी चौकशी करा.

आम्ही अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर आहोत.

खालच्या मजल्यावरच्या कोणाशी तरी आजच बोलून ठेवा. संकोच वाटतो, मान्य आहे. पण इथे लोक या बाबतीत मनापासून दार उघडतात. आम्ही नवे होतो तेव्हा भोंगा वाजल्यावर बाल्कनीत उभे राहून आकाशाचे फोटो काढत होतो, आणि खालच्या आजीबाईंनी अंगणात येऊन हातवारे करत आम्हाला खाली बोलावलं. त्यांच्या बाथरूममध्ये आम्ही पाच जण आणि त्यांचं मांजर. कोणीही नसेल तर तळमजल्यावरचा आतला, काचा नसलेला कॉरिडॉर. लिफ्ट वापरायची नाही.

मोबाइल होममध्ये राहणाऱ्यांनी काय करायचं?

तिथून आधीच निघायचं. कारखान्यात तयार करून जागेवर आणून ठेवलेलं ते घर कितीही नवं आणि बांधून घट्ट केलेलं असलं तरी टोर्नेडोत ते निवारा नव्हे. टोर्नेडोतल्या मृत्यूंमध्ये अशा घरांतल्या माणसांचा वाटा फार मोठा असतो. वॉच लागला की पक्क्या इमारतीत किंवा सार्वजनिक निवाऱ्यात जायचं, वॉर्निंगची वाट पाहायची नाही. शिकायला आलेली बरीच मुलं स्वस्त पडतं म्हणून अशा घरांत राहतात. ओळखीत कोणी असेल तर त्या संध्याकाळी त्यांना तुमच्याकडे बोलवा.

खिडक्या उघड्या ठेवल्या तर दाब सारखा होऊन घर वाचतं म्हणतात. नैऋत्येचा कोपरा सुरक्षित असतो म्हणतात.

दोन्ही चूक. खिडक्या उघडण्यात वेळ जातो, काचेजवळ जावं लागतं, आणि वारा आत शिरला की छताला खालून धक्का बसतो. गॅरेजचं दारही बंद ठेवा. कोपऱ्याचं म्हणाल तर कुठलीच दिशा राखीव सुरक्षित नसते. तसंच 'नदी आहे, टेकडी आहे, उंच इमारती आहेत, इकडे येत नाही' हेही खोटं. फोर्ट वर्थच्या ऐन मध्यवस्तीतून २८ मार्च २००० ला टोर्नेडो गेला, अटलांटाच्या मध्यवस्तीतून १४ मार्च २००८ ला.

गाडीत असताना गाठलं तर? पुलाखाली थांबावं का?

पुलाखाली नाही. कधीच नाही. १९९१ मध्ये कॅन्ससात काही जण हमरस्त्याच्या पुलाखाली बसून वाचले आणि तो व्हिडिओ सगळीकडे दाखवला गेला, तिथून हा समज पसरला. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात पुलांखाली आसरा घेतलेले तिघे गेले. पुलाखालच्या बोळात वारा आणखी जोरात घुसतो, आणि वर चढून बसलं की उडत्या वस्तूंच्या माऱ्यात आपण आयतेच सापडतो. शिवाय तिथे थांबलेल्या गाड्यांनी मागच्या सगळ्यांचा रस्ता अडतो.

जवळची पक्की इमारत गाठायची: पेट्रोल पंपाचं दुकान, हॉटेल, दवाखाना. मोठ्या छताच्या दुकानात असाल तर मधल्या मोकळ्या भागातून निघून बाथरूमकडे जा, कारण लांब पल्ल्याचं छत आधी कोसळतं. काहीच जवळ नसेल आणि टोर्नेडो अंगावर आला असेल तर दोनच वाईट पर्याय उरतात. पट्टा बांधून, खिडकीच्या काचेखाली डोकं घेऊन, मानेवर हात धरून गाडीतच बसणं, किंवा रस्त्यापेक्षा बराच खोल खड्डा असेल तर गाडीपासून दूर त्यात पालथं पडणं. पाणी वाहत असेल तर खड्डा नाही.

घर सोडून गाडीने पळावं का, हाही प्रश्न येतो. पक्क्या घरात असाल तर नको. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ जो टोर्नेडो झाला तो सर्वाधिक २.६ मैल रुंद झाला, आजवर नोंदलेल्यांत सर्वांत रुंद. अकरा दिवसांपूर्वीच मूरमध्ये शाळा कोसळून मुलं गेली होती, लोक हादरलेले होते, आणि त्या शुक्रवारी संध्याकाळी हजारो गाड्या एकदम रस्त्यावर आल्या. हमरस्ते तुंबले, माणसं गाड्यांत अडकली. आयुष्यभर टोर्नेडोंचा अभ्यास केलेले टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघे त्याच टोर्नेडोत गेले. इतक्या जाणकारांनाही त्याचा वेग आणि वळण हुकलं. आणि त्याच रात्री वाऱ्यापासून वाचायला नाल्यात उतरलेली काही माणसं पुराच्या पाण्याने ओढून नेली.

जवळ काय काय ठेवायचं?

फार मोठी यादी केली की कोणीच काही भरत नाही. आसऱ्याच्या जागेत एक पाठपिशवी असू द्या. टॉर्च, पॉवर बँक, पाणी, रोजची औषधं, चष्म्याची जादा जोडी, शिट्टी. शिट्टी यासाठी, की ढिगाऱ्याखालून हाक मारून घसा बसतो, शिट्टी दूरवर ऐकू जाते.

आपल्या लोकांसाठी वेगळं सांगायचं म्हणजे कागदपत्रं. पासपोर्ट, व्हिसाची मंजुरीपत्रं, विद्यार्थी असाल तर आय-२०, मुलांचे जन्मदाखले. एका जाड प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पिशवीतच ठेवा आणि फोटो ऑनलाइन साठवा. घर पुन्हा बांधता येतं, पण कागद गेल्यावर परदेशात जे महिने जातात ते फार जड जातात.

भाड्याने राहणाऱ्यांनी भाडेकरूचा विमा काढलाय का ते पाहा. स्वतःचं घर असेल तर पॉलिसीत वारा-गारांसाठी आधी आपल्या खिशातून किती भरायचं ते वाचा. बऱ्याच ठिकाणी ते घराच्या विमा रकमेच्या टक्क्यांत असतं. आणि फोन हातात घेऊन प्रत्येक खोलीचा एक व्हिडिओ काढा, कपाटं उघडून.

आई-बाबा भारतातून आलेत. त्यांना घाबरवायचं नाही, पण सांगायचं तर आहे.

उन्हं असताना सांगा. नुसतं तोंडी नको, त्यांना हाताला धरून त्या जागेत नेऊन बसवून दाखवा. माझ्या सासूबाईंचे गुडघे वाकत नाहीत, त्यांना जमिनीवर बसवून उठवणं हेच मोठं काम. कपाटात एक बुटकं स्टूल ठेवल्यावर तो प्रश्न मिटला, आणि हे आम्हाला आधी करून पाहिल्यामुळेच कळलं.

दुपारी घरात ते एकटे असतील तर फोनवरची इंग्रजी सूचना त्यांना कळेल असं धरू नका. त्यांच्या फोनमध्येही सूचना सुरू करा आणि सांगा, "हा आवाज आला की काही वाचत बसू नका, मला फोन करू नका, आधी आत जाऊन बसा. मीच फोन करते." देवघरातला दिवा, गॅसवरचं भांडं हे जाता जाता बंद करायचं, पण त्यासाठी वरच्या मजल्यावर परत जायचं नाही.

मुलं शाळेत असताना वॉर्निंग आली तर आणायला जाऊ का?

जाऊ नका. तुम्ही रस्त्यावर, मूल दारात, ही सर्वांत वाईट अवस्था. शाळांमध्ये नियमित सराव होतो, मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. धोक्याच्या दिवशी शाळा लवकर सोडणार असेल तर सकाळीच संदेश येतो, तो चुकवू नका.

घरात लहान मुलांशी बोलताना खोटा धीर देऊ नये, असं मला वाटतं. "काही होणार नाही" असं म्हणण्यापेक्षा "वादळ आलं तर आपण काय करायचं ते आपल्याला माहीत आहे" असं म्हणा. मुलीला आम्ही एक काम दिलं आहे: सगळ्यांची हेल्मेटं तिने वाटायची. काम हातात असलं की ती रडत नाही.

तीन वेळा कपाटात जाऊन बसलो, काही झालं नाही. दर वेळी कशाला?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टोर्नेडोच्या दहा वॉर्निंगांपैकी साधारण सात वेळा टोर्नेडो उतरत नाही, हे खरं आहे. रडारला ढगातली फिरकी दिसते, जमिनीवर काय उतरेल ते प्रत्येक वेळी दिसत नाही.

मिसुरीतल्या जॉप्लिनमध्ये २२ मे २०११ ला दीडशेहून अधिक माणसं गेली. नंतरच्या चौकशीत पुढे आलं, की पहिला भोंगा ऐकून बहुसंख्य लोक लगेच हलले नव्हते. भोंगे नेहमीचेच झाले होते. कोणी टीव्ही लावला, कोणी दारात जाऊन आकाश पाहिलं, कोणी दुसऱ्या इशाऱ्याची वाट पाहिली. टोर्नेडो पावसात गुरफटलेला होता, दारातून पाहून तो टोर्नेडो आहे हे कळतही नव्हतं. यात कोणाचा मूर्खपणा नव्हता. तुम्ही-मी तेच केलं असतं. म्हणून आम्ही 'खरं आहे का ते पाहू' ही पायरीच काढून टाकली आहे. चौकोनात घर आहे? मग आत. टीव्ही-रडार जे पाहायचं ते आत बसून फोनवर. वीस मिनिटं जातात, मुलं पत्ते खेळतात, बाहेर येऊन पुन्हा जेवायला बसतो.

टोर्नेडो नाही, 'सिव्हिअर थंडरस्टॉर्म वॉर्निंग' आहे. मग तर काळजी नाही?

तीही घ्याच. एक इंच किंवा मोठ्या गारा, किंवा ताशी ५८ मैलांहून, म्हणजे सुमारे ९३ किलोमीटरहून जोरदार वारा असेल तर ती देतात. १० ऑगस्ट २०२० ला आयोवातून सरळ वाऱ्याचं जे वादळ गेलं त्यात वारा ताशी १२० मैलांच्या वर मोजला गेला. ते टोर्नेडो नव्हतं, पण सीडर रॅपिड्स शहराची झाडं आणि छपरं गेली. खिडक्यांपासून लांब, खालच्या मजल्यावर राहा. आणि गारांत गाडी झाकायला बाहेर धावू नका.

ईएफ-३, ईएफ-४ म्हणतात ते आधी कळतं का?

नाही. टोर्नेडोच्या ताकदीची ती श्रेणी नंतर, पडझड पाहून ठरते. शिकागो विद्यापीठातल्या तेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये मूळ मोजपट्टी मांडली, सुधारित पट्टी ('एन्हान्स्ड फुजिता', म्हणजेच ईएफ) २००७ पासून अमेरिकेत वापरात आहे. शून्य ते पाच. ईएफ-५ म्हणजे ताशी २०० मैलांहून अधिक वारा. जिवंत वादळाच्या वेळी कोणी श्रेणी सांगत असेल तर ती अटकळ समजा.

वादळ गेल्यावर लगेच काय करायचं?

वॉर्निंगची मुदत संपेपर्यंत आतच. मागून दुसरं वादळ येत असतं, बऱ्याचदा. बाहेर पडताना जाड बूट, हातमोजे. तारा पडलेल्या असतील तर त्यात वीज आहे असंच धरा. गॅसचा वास आला तर दिवा लावू नका, बटण दाबू नका, बाहेर पडा आणि मग फोन करा. जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि वादळातून वाचलेली माणसं त्याने जातात.

छप्पर झाकण्यापुरती डागडुजी करा, पण आधी फोटो. दारावर येऊन "आजच सही करा, छप्पर आम्ही बघतो" म्हणणाऱ्यांना सही देऊ नका, विमा कंपनीशी आधी बोला.

भारतातून सारखे फोन येतात, "टेक्सासमध्ये टोर्नेडो आलाय, तुम्ही ठीक ना?" काय सांगू?

टेक्सास महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं आहे. तिकडच्या बातमीत फक्त राज्याचं नाव येतं. घरच्यांना तुमच्या शहराचं आणि काउंटीचं नाव लिहून द्या, म्हणजे बातमीत ते नाव शोधता येईल. धोक्याच्या दिवशी तिकडे रात्र असते. त्यामुळे आम्ही दुपारीच एक ओळ पाठवून ठेवतो: "आज संध्याकाळी इथे वादळी हवा आहे, तयारी झाली आहे, फोन लागला नाही तर नेटवर्क गेलं असं समजा, सकाळी मेसेज करते." वादळानंतर फोनच्या लाइन भरलेल्या असतात, फोन लागत नाही तेव्हाही छोटा मेसेज जातो. म्हणून बाहेर आल्यावर पहिलं काम तेच: "सगळे ठीक." दोन शब्द, मग बाकीचं.